खातं कुणाकडे? निकालाच्या रात्रीपासून जीआरपर्यंत राज्याचं मंत्रिमंडळ

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं अनुदान रखडलं होतं. नवं सरकार नुकतंच आलेलं. निवेदन टाईप केलं, वर समितीच्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या, रात्रीच्या एसटीनं मुंबई गाठली आणि पुस्तकं म्हणजे शाळा एवढाच हिशेब करून ते एका मंत्र्यांच्या कार्यालयात देऊन आलो. आवक शिक्का मारून घेतला, त्याचा फोटोही काढला. अडीच महिन्यांनी चार ओळींचं उत्तर आलं, त्यातली एकच कामाची होती : 'सदर विषय या विभागाशी संबंधित नाही.' चूक माझीच. सार्वजनिक ग्रंथालयं शालेय शिक्षणाकडे नाहीत, उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे आहेत. पुस्तक शाळेत असलं की एक खातं आणि वाचनालयात आलं की दुसरं.

तेव्हापासून सरकार बनताना मी शपथविधीचं प्रक्षेपण कमी आणि त्यानंतरचे कागद जास्त पाहतो. टीव्हीवर दिसतो तो फेट्यांचा आणि हारांचा भाग. सरकार कागदावर उभं राहतं आणि ते कागद तुम्हाआम्हाला वाचता येतात. महाराष्ट्रात हे सगळं कोणत्या क्रमानं घडतं आणि प्रत्येक टप्प्यावर काय बघायचं, ते इथे मांडतो. उदाहरणं बहुतेक २०१९ ते २०२५ मधली घेतली आहेत, कारण या सहा वर्षांत जेवढे प्रकार शक्य होते तेवढे आपल्याकडे होऊन गेले.

आधी दोन शब्द नीट करून घेऊ

संविधानात शब्द आहे मंत्रिपरिषद. मुख्यमंत्री, कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री, उपमंत्री असले तर तेही, सगळे मिळून मंत्रिपरिषद. त्यातला कॅबिनेट दर्जाचा वरचा गट म्हणजे काटेकोर अर्थानं मंत्रिमंडळ. बोलताना आपण दोन्हीला मंत्रिमंडळच म्हणतो आणि त्यानं फारसं बिघडत नाही. फक्त राज्यमंत्र्याकडे काम घेऊन जाताना हा फरक आठवावा. का, ते पुढे येईलच.

कायद्याचा सांगाडा अगदी लहान आहे. अनुच्छेद १६३ ते १६७, एवढाच. मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतात, बाकीच्या मंत्र्यांची मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानं करतात, आणि सगळे मिळून विधानसभेला जबाबदार. विधान परिषदेला नाही, हे लक्षात घ्या. उपमुख्यमंत्री हा शब्द तर संविधानात नाहीच. महाराष्ट्रात हे पद पहिल्यांदा आलं १९७८ मध्ये, नाशिकराव तिरपुडे यांच्या रूपानं. कायद्याच्या नजरेत उपमुख्यमंत्री हा इतरांसारखाच एक मंत्री. राजकारणाच्या नजरेत अर्थातच नाही.

गंमत म्हणून सांगतो, १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाच पंतप्रधान म्हणत. मुख्यमंत्री हे नाव रूढ झालं ते संविधान आल्यावर.

पायरी पहिली : निकाल लागला म्हणजे विधानसभा झाली असं नाही

मतमोजणीनंतर निवडणूक आयोग लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७३ खाली निवडून आलेल्यांच्या नावांची अधिसूचना काढतो. ती राजपत्रात आली की नवी विधानसभा स्थापन झाली असं मानलं जातं. त्या अधिसूचनेची प्रत राज्यपालांना देतात.

२०२४ मध्ये या एका कागदाच्या अज्ञानावर व्हॉट्सअ‍ॅपनं चार दिवस काढले. मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ ला, आणि जुन्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपणार होती. 'मंगळवारपर्यंत शपथ झाली नाही तर आपोआप राष्ट्रपती राजवट', असे मेसेज आमच्या गटात वकिलांनीही पुढे ढकलले. आपोआप काहीही होत नाही. राष्ट्रपती राजवट ही अनुच्छेद ३५६ खाली मुद्दाम घेतलेल्या निर्णयानं येते. २६ नोव्हेंबरला एकनाथ शिंदे यांनी राजीनामा दिला, राज्यपालांनी त्यांना काळजीवाहू म्हणून थांबायला सांगितलं, आणि नवी शपथ झाली ५ डिसेंबरला. मधले नऊ दिवस सरकार होतं, फक्त त्यानं मोठे धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत असा संकेत आहे.

पायरी दुसरी : नेता आणि पत्रं

प्रत्येक पक्षाचे नवे आमदार जमून विधिमंडळ पक्षाचा नेता निवडतात. दिल्लीहून निरीक्षक येतात, बंद खोलीत बैठक होते, एक जण नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो. ४ डिसेंबर २०२४ ला भाजपच्या बैठकीला निर्मला सीतारामन आणि विजय रूपाणी आले होते. नाव बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. पण हा ठराव झाल्याशिवाय राज्यपालांकडे जाता येत नाही, म्हणून ही औपचारिकता कोणी टाळत नाही.

मग आकड्यांचा कागद. २८८ च्या सभागृहात बहुमत १४५. २०२४ ला भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७ आणि अजित पवारांची राष्ट्रवादी ४१, म्हणजे प्रश्नच नव्हता. प्रश्न कसा असतो ते २०१९ ला दिसलं. निवडणुकीआधीची युती निकालानंतर फुटली. राज्यपालांनी आधी भाजपला, मग शिवसेनेला, मग राष्ट्रवादीला विचारणा केली, आणि १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरच्या सकाळी ती उठवून देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा 'पहाटेचा शपथविधी' झाला. आधार होता राष्ट्रवादीच्या आमदारांच्या सह्यांच्या यादीचा. त्या सह्या कशासाठी घेतल्या होत्या, पाठिंब्यासाठी की निव्वळ हजेरीसाठी, यावर महाराष्ट्र दोन दिवस भांडला. २७ नोव्हेंबरला सभागृहात उघड मतदानानं बहुमत सिद्ध करा, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, आणि आदल्याच दिवशी दोघांनी राजीनामे दिले.

यातून वाचकानं एवढं घ्यावं : सही राज्यपालांकडे मोजली जात नाही, माणूस सभागृहात मोजला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या बोम्मई खटल्यातल्या निकालापासून, म्हणजे १९९४ पासून, हे पक्कं आहे. म्हणूनच २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल देताना २०२२ साली राज्यपालांनी ठाकरे सरकारला बहुमत सिद्ध करायला सांगणं चुकीचं ठरवलं, तरी त्याच दमात म्हटलं की उद्धव ठाकरे यांनी सभागृहाला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत बसवता येणार नाही. खुर्ची सोडण्याआधी सभागृहात उभं राहायचं असतं, हा धडा त्या निकालात आहे.

आमदार नसलेला माणूस मुख्यमंत्री किंवा मंत्री होऊ शकतो का? होऊ शकतो, सहा महिन्यांसाठी. त्या मुदतीत दोन्हीपैकी एका सभागृहाचं सदस्य व्हावंच लागतं. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ ला शिवाजी पार्कवर शपथ घेतली तेव्हा ते कोणत्याच सभागृहात नव्हते. मे २०२० अखेरपर्यंतची मुदत, आणि मध्येच कोरोना. परिषदेच्या निवडणुका पुढे ढकललेल्या. मंत्रिमंडळानं राज्यपालनियुक्त जागेवर त्यांच्या नावाची शिफारस केली, ती दोनदा केली, आणि निर्णय काही येईना. शेवटी आयोगानं निवडणूक जाहीर केली आणि १४ मे रोजी ते बिनविरोध निवडून आले. दोन आठवडे हातात राखून. सहा महिने संपले की राजीनामा देऊन पुन्हा शपथ घ्यायची आणि नवे सहा महिने मिळवायचे, ही पळवाट २००१ साली पंजाबातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं बंद करून टाकली आहे.

पायरी तिसरी : शपथ

मंत्र्याला दोन शपथा असतात. एक पदाची, दुसरी गोपनीयतेची. मजकूर संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत ठरवून दिलेला आहे. 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो', एवढीच निवड मंत्र्याच्या हातात. आपल्याकडे त्याआधी देवांची, महापुरुषांची, आईवडिलांची आणि पक्षश्रेष्ठींची नावं घ्यायची प्रथा पडली. ३० डिसेंबर २०१९ ला विधानभवनाच्या आवारात के. सी. पाडवी यांनी मजकुराबाहेर जाऊन बोलल्यावर राज्यपाल भगतसिंह कोश्यारी भर समारंभात चिडले आणि त्यांना शपथ पुन्हा घ्यायला लावली. तो प्रसंग टीव्हीवर हशाचा झाला, पण मुद्दा बरोबर होता. शपथेशिवाय मंत्रिपद सुरू होत नाही.

शपथेचा क्रमही बघावा. आधी कोण, नंतर कोण, यावरून ज्येष्ठता कळते. ज्यांना कळायची त्यांना कळते आणि रात्री फोन सुरू होतात.

पायरी चौथी : त्रेचाळीसचं गणित

२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीआधी मंत्र्यांच्या संख्येला धरबंध नव्हता. उत्तर प्रदेशात १९९७ साली कल्याणसिंह यांनी नव्वदहून जास्त मंत्री केले होते. दुरुस्तीनं मर्यादा घातली : मुख्यमंत्र्यांसह एकूण मंत्री विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, आणि कमीत कमी १२ असावेत. २८८ चे १५ टक्के ४३.२, म्हणून महाराष्ट्रात कमाल ४३. विधान परिषदेचे ७८ आमदार या हिशेबात धरत नाहीत, पण परिषदेतला माणूस मंत्री झाला तर तो मात्र ४३ मध्ये मोजला जातो.

गोव्यात हेच गणित उलटं चालतं. ४० चे १५ टक्के फक्त ६. पण किमान १२ ची अट असल्यामुळे तिथे १२ मंत्री. काठावरच्या २१ आमदारांचं सरकार आलं तर निम्म्याहून जास्त आमदार मंत्रीच. पणजीतलं नाराजीनाट्य तरीही थांबलेलं नाही, यावरून मंत्रिपदांची भूक आकड्यांनी भागत नाही हे कळतं.

किमान बाराच्या अटीला मुदत मात्र नाही. ३० जून २०२२ ला शिंदे आणि फडणवीस यांनी शपथ घेतली आणि पुढचे ४० दिवस महाराष्ट्राचं मंत्रिमंडळ दोघांचंच होतं. ९ ऑगस्टला आणखी १८ जण आले. या दोघांच्या मंत्रिमंडळानं बैठका घेतल्या, निर्णय घेतले. बाराच्या खाली असताना हे कितपत चालावं, यावर बरीच टीका झाली. मला स्वतःला ते पटलं नव्हतं. पहिल्या शपथेनंतर बारा किती दिवसांत व्हायला हवेत याबद्दल अनुच्छेद गप्प आहे आणि त्या गप्प बसण्याचा फायदा कोणीही घेऊ शकतो.

४३ जागा कशा वाटायच्या, याचं लिखित सूत्र कुठेच नाही. पक्षांचा वाटा आमदारसंख्येवर. १५ डिसेंबर २०२४ ला नागपूरच्या राजभवनावर ३९ जणांनी शपथ घेतली, त्यात भाजप १९, शिवसेना ११, राष्ट्रवादी ९. मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्री धरून ४२. एक जागा रिकामी ठेवली. अशी एखादी जागा ठेवतातच, गूळ दाखवायला. पक्षाच्या वाट्याच्या आत मग विभाग, जिल्हा, जात, महिला, ज्येष्ठ, आयात केलेला, आणि दिल्लीचा माणूस, अशी चाळण लागते. त्यातून गळलेल्यांसाठी महामंडळं. महामंडळाच्या अध्यक्षाला मंत्र्याचा 'दर्जा' देता येतो, तो ४३ मध्ये धरत नाहीत. दर्जा म्हणजे गाडी, मानधन आणि पाटी. फाईलवर सही नाही.

पायरी पाचवी : खातेवाटप, आणि इथेच पेन घेऊन बसायचं

शपथ घेतलेला माणूस खातं मिळेपर्यंत बिनखात्याचा मंत्री असतो. २०२४ ला ३९ जणांची शपथ १५ डिसेंबरला झाली, १६ पासून नागपूरचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं, आणि खातेवाटप जाहीर झालं २१ डिसेंबरला, अधिवेशन संपल्यावर. सहा दिवस मंत्री सभागृहात होते, पण कोणत्या प्रश्नाला कोण उत्तर देणार हा प्रश्न होता. जबाबदारी सामूहिक असते, म्हणून कायद्यानं अडत नाही. बाकीचं ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

खात्यांचं वाटप मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानं होतं आणि त्याची अधिसूचना राजपत्रात येते. तिच्या मागे आहे महाराष्ट्र शासन कार्यनियमावली, अनुच्छेद १६६ खाली १९७५ मध्ये केलेली आणि वेळोवेळी सुधारलेली. तिच्या पहिल्या अनुसूचीत विभागांची आणि प्रत्येक विभागाकडच्या विषयांची यादी आहे. सरकारबद्दल एकच कागद वाचायचा असेल तर मी तो वाचायला सांगेन. रटाळ आहे. पण माझे अडीच महिने त्यानं वाचवले असते.

वर्तमानपत्रातली खात्यांची यादी वाचताना कंसातले शब्द सोडू नका. २०२४ च्या वाटपात जलसंपदा एकाच नावाचं खातं दिसतं, पण गोदावरी आणि कृष्णा खोरं राधाकृष्ण विखे पाटील यांच्याकडे, तर विदर्भ, तापी आणि कोकण गिरीश महाजन यांच्याकडे. म्हणजे सांगलीच्या शेतकऱ्याचा कालवा आणि जळगावच्या शेतकऱ्याचा कालवा, विभाग एक, मंत्री दोन. सार्वजनिक बांधकामाचंही तसंच : सार्वजनिक उपक्रमांचा भाग एकनाथ शिंदे यांच्याकडे, तो वगळून उरलेलं बांधकाम शिवेंद्रसिंहराजे भोसले यांच्याकडे. रस्ता रस्ते विकास महामंडळानं बांधला की बांधकाम खात्यानं, यावर तुमच्या खड्ड्याचा मंत्री ठरतो.

लोक ज्या ठिकाणी हमखास चुकतात ती काही जोडपी सांगतो. जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, पण पुण्याचं ससून किंवा मुंबईचं जे. जे. वैद्यकीय शिक्षणाचं, कारण ती सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली आहेत. (केईएम तर दोघांचंही नाही, ते महापालिकेचं.) मोठं धरण जलसंपदेचं, गावाजवळचा लहान पाझर तलाव बहुतेक वेळा मृद व जलसंधारणाचा किंवा जिल्हा परिषदेचा. गावातला रस्ता ग्रामविकास, गावाबाहेरचा राज्यमार्ग बांधकाम. नगरपालिका नगरविकासाकडे, जिल्हा परिषद ग्रामविकासाकडे. आणि वाचनालय, ते तर सांगून झालंच.

कुठलंही खातं कोणाला दिलेलं नसेल तर ते मुख्यमंत्र्यांकडे राहतं. मुख्यमंत्री सामान्य प्रशासन बहुधा स्वतःजवळच ठेवतात. नावाला रुक्ष, पण आयएएस अधिकाऱ्यांच्या बदल्या तिथून होतात. फडणवीस यांनी २०२४ ला गृहही ठेवलं, आणि गृह खात्यासाठीच तीन पक्षांत किती ओढाताण झाली ते सगळ्यांनी पाहिलं. माझं विचाराल तर गृह आणि महसूल या खात्यांची चर्चा जास्त होते, ताकद मात्र वित्त खात्याची. पैसे लागणारा प्रत्येक प्रस्ताव वित्त विभागाच्या टेबलावरून जातो, मग तो कोणाच्याही खात्याचा असो.

आता राज्यमंत्री. कागदावर राज्यमंत्र्याकडे पाच-सहा खाती असतात, पण त्या प्रत्येक खात्याला वर एक कॅबिनेट मंत्री असतो. कोणते विषय राज्यमंत्र्यानं हाताळायचे हे कॅबिनेट मंत्र्यानं वाटून दिलं तरच फाईल त्यांच्याकडे येते. सरकार कोणत्याही पक्षाचं असो, 'आमच्याकडे फाईलच येत नाहीत' ही राज्यमंत्र्यांची तक्रार दर वेळी छापून येते. म्हणून राज्यमंत्र्याकडे निवेदन देताना आधी त्यांच्या कार्यालयात विचारून घ्या : हा विषय साहेबांकडे प्रदान केलेला आहे का? खाजगी सचिव प्रामाणिक असेल तर खरं सांगतो.

मधली एक पायरी, जी संविधानात नाही

पालकमंत्री. ३६ जिल्ह्यांना मंत्री नेमून देतात आणि तो मंत्री जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष होतो. जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा कुठे जायचा हे त्या समितीत ठरतं. त्यामुळे आमदारांना खात्याइतकीच याचीही ओढ. १८ जानेवारी २०२५ ला यादी आली, आणि दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिकच्या नेमणुकांना स्थगिती. गडचिरोली मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडे घेतलं. तुमचं काम जिल्ह्याच्या पातळीवर सुटण्यासारखं असेल, म्हणजे अंगणवाडीची खोली, साकव, स्मशानभूमीची शेड, तर मुंबईला जाण्याआधी पालकमंत्र्यांचा पुढचा दौरा कधी आहे ते तहसील कार्यालयात विचारा.

पायरी सहावी : बैठकीत विषय जातो कसा

मंत्रिमंडळाची बैठक सहसा आठवड्यातून एकदा होते, मंत्रालयात किंवा मलबार हिलच्या सह्याद्री अतिथीगृहात. कधी मुद्दाम बाहेर, जशी १६ सप्टेंबर २०२३ ला छत्रपती संभाजीनगरला झाली आणि ६ मे २०२५ ला अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीनिमित्त चौंडीला. टीव्हीवर लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि हसरे चेहरे दिसतात. कॅमेरे बाहेर गेल्यावर काम सुरू होतं, आणि ते काम त्याच्या कित्येक आठवडे आधी एका कार्यासनावर, म्हणजे विभागातल्या एका टेबलावर, सुरू झालेलं असतं.

समजा ग्रंथालयांचं अनुदान वाढवायचं आहे. विभागातला कक्ष अधिकारी प्रस्ताव तयार करतो. तो अवर सचिव, उपसचिव, सचिव असा चढत जातो. सचिवांच्या आणि मंत्र्यांच्या मान्यतेनं मंत्रिमंडळासाठी टिपणी बनते. टिपणीला ठरलेला साचा असतो : विषय काय, पार्श्वभूमी काय, सध्याचा नियम काय, बदल काय हवा, तिजोरीवर भार किती. त्यानंतर सगळ्यात वाचनीय भाग येतो, इतर विभागांचे अभिप्राय. वित्त विभाग लिहितो की राज्याची आर्थिक स्थिती पाहता सहमती देता येत नाही. विधी व न्याय विभाग लिहितो की अधिनियमात सुधारणा लागेल. प्रत्येक अभिप्रायाखाली मूळ विभागाला आपलं म्हणणं मांडावं लागतं. शेवटी मंत्रिमंडळाकडून नेमकी कशाला मान्यता हवी ते एका परिच्छेदात. वर शिक्का 'गोपनीय'.

मुख्यमंत्र्यांनी परवानगी दिली की विषय बैठकीच्या यादीवर येतो. मुख्य सचिव मंत्रिमंडळाचे सचिव असतात आणि बैठकीचं इतिवृत्त त्यांच्या जबाबदारीवर. सगळेच विषय मंत्रिमंडळापुढे जात नाहीत. कोणते न्यायचे ते कार्यनियमावलीच्या दुसऱ्या अनुसूचीत दिलं आहे : विधेयकं, अध्यादेश, अर्थसंकल्प, नवं धोरण, चौकशी आयोगांचे अहवाल वगैरे. बाकीचं मंत्री स्वतःच्या पातळीवर ठरवतो. दोन विभागांचं जुळत नसेल तर वाद वर जातो. आणि एखाद्या मंत्र्यानं परस्पर घेतलेला निर्णय मंत्रिमंडळापुढे ठेवा, असं राज्यपाल अनुच्छेद १६७ खाली सांगू शकतात. ते फारसं घडत नाही.

वित्त विभागाचा नकार मंत्रिमंडळावर बंधनकारक नसतो. निवडणुकीच्या आधीच्या बैठकांत त्या नकारांचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको. 'ऐनवेळचे विषय' हाही प्रकार असतो. यादीत नसलेला विषय बैठकीत टेबलावर येतो, मंत्र्यांना तो वाचायला पाच मिनिटं मिळतात आणि मान्यता मिळते. कधी ती खरी तातडी असते, पूर किंवा न्यायालयाची तारीख. दर वेळी नाही.

वादाचा किंवा लांबणारा विषय उपसमितीकडे सोपवतात. मराठा आरक्षणाची मंत्रिमंडळ उपसमिती सगळ्यांना माहीत आहे. २ सप्टेंबर २०२५ ला आझाद मैदानावर मनोज जरांगे पाटील यांचं उपोषण सुटलं ते तिच्या अध्यक्षांनी, विखे पाटील यांनी, हैदराबाद गॅझेटबद्दलचा शासन निर्णय आंदोलकांच्या हाती ठेवल्यावर. जरांगे पाटलांनी 'जीआर हातात द्या' हाच धोशा लावला होता. मंत्रालयाची नस त्यांना बरोबर सापडली होती.

पायरी सातवी : जीआर वाचणं

बैठक संपल्यावर माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची प्रेसनोट येते : मंत्रिमंडळाचे निर्णय, संक्षिप्त. रात्री बातम्या होतात, सकाळी अभिनंदनाचे फलक लागतात. पण प्रेसनोट दाखवून बँकेत, शाळेत किंवा तहसीलमध्ये काहीही मिळत नाही. तिथला माणूस एकच विचारतो, जीआर आलाय का? कधी तो दोन दिवसांत येतो, कधी काही महिने लागतात.

शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख घालून शोधता येतात. उघडलात की आधी डोकं बघा : विभागाचं नाव, क्रमांक, त्यात 'प्र.क्र.' म्हणजे प्रकरण क्रमांक आणि शेवटी कार्यासनाचं नाव. या दोन गोष्टी लिहून घ्या, पुढे फोन करताना हेच विचारतात. त्याखाली 'वाचा' असं लिहून जुन्या निर्णयांची यादी असते. आधीचा निर्णय बदलला की फक्त पुरवणी जोडली, ते तिथे कळतं. मग प्रस्तावना. ती भराभर वाचा. 'शासन निर्णय' या मथळ्याखालचे आकडे घातलेले परिच्छेद मात्र शब्दन् शब्द वाचा, विशेषतः 'निधीच्या उपलब्धतेनुसार' आणि 'निकष स्वतंत्रपणे निर्गमित करण्यात येतील' हे शब्द कुठे आहेत ते. हे शब्द असले तर फटाके वाजवू नका. पुढे वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भाचा क्रमांक आणि तारीख असेल तर समजा पैशाची गाठ सुटली आहे. आणि अगदी तळाशी ठरलेली ओळ, 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने', खाली उपसचिव, अवर सचिव अशा एखाद्या अधिकाऱ्याची डिजिटल सही. मंत्र्यांची सही त्यावर कुठेच नसते. राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावे चालतो, हे अनुच्छेद १६६ मधलं वाक्य तिथे प्रत्यक्ष दिसतं.

मंत्री मध्येच बदलला तर

मुख्यमंत्र्यांचा राजीनामा म्हणजे सगळ्या मंत्रिमंडळाचा राजीनामा. एकटा मंत्री गेला तर फक्त त्याचं खातं दुसऱ्याकडे जातं. धनंजय मुंडे यांनी ४ मार्च २०२५ ला राजीनामा दिला, त्यांच्याकडचं अन्न व नागरी पुरवठा नंतर छगन भुजबळ यांच्याकडे आलं, ज्यांनी २० मे रोजी शपथ घेतली. खातं बदलायला मात्र नवी शपथ लागत नाही. त्याच वर्षी जुलैअखेर माणिकराव कोकाटे यांच्याकडची कृषी दत्तात्रय भरणे यांच्याकडे गेली आणि क्रीडा कोकाटेंकडे, एका अधिसूचनेनं.

अशा वेळी तुमच्या कागदाचं काय होतं, हे कोणी सांगत नाही. मंत्र्यांच्या कार्यालयातले खाजगी सचिव, विशेष कार्य अधिकारी, स्वीय सहायक हे बहुधा मंत्र्याबरोबर येतात आणि मंत्र्याबरोबर जातात. तिथे दिलेलं निवेदन विभागाकडे पाठवलेलं नसेल तर ते कपाटातच राहायची शक्यता जास्त. विभागाची नस्ती, म्हणजे फाईल, मात्र कार्यासनावर असते, मंत्री कोणीही येवो. म्हणून निवेदनाच्या दोन प्रती करायच्या. एक मंत्र्यांच्या कार्यालयात, दुसरी विभागाच्या आवक शाखेत. दोन्हीवर शिक्का आणि आवक क्रमांक. दुसरी प्रत जास्त महत्त्वाची.

वाचनालयाच्या निवेदनाचं मी नंतर तसंच केलं. आठ दिवसांनी कक्ष अधिकाऱ्यांना फोन लावला, आवक क्रमांक सांगितला. पलीकडून कीबोर्डचा आवाज आला, मग थोडी शांतता, मग, 'हो, आहे आमच्याकडे. तुमच्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांचा तपासणी अहवाल नाही जोडलेला. तो पाठवा.'